जळगाव गडद दिसतंय, पण जरा थांबा

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी गुन्ह्यांच्या आकड्यांनुसार जिल्हे रंगवलेला खानदेशाचा नकाशा पाहिला. जळगाव सर्वांत गडद, म्हणून गुन्हेगारीत पुढे? अहो, आकडे नुसते एकूण गुन्ह्यांचे आहेत! 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्हा सुमारे 42 लाखांचा, धुळे साडेवीस, नंदुरबार साडेसोळा. आधी लाख लोकसंख्येमागचा दर काढा, मग रंग भरा.

दुसरं, एनसीआरबीच्या (देशभरातले गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) जुन्या तक्त्यांतलं धुळे आजचं नव्हे. नंदुरबार 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळं झालं. आधीच्या वर्षांशी तुलना करायची तर दोन्ही जिल्हे नकाशात आणि तक्त्यात एकत्र करावे लागतात, नाहीतर धुळ्यात गुन्हे एकाएकी घटल्याचा भास होतो. मी यात फसलोय. दोन दिवस ‘कारण’ शोधत बसलो होतो.

भुसावळकरांनो, स्टेशनातली पाकीटमारी लोहमार्ग पोलिसांच्या खात्यात जाते, जिल्ह्याच्या आकड्यात नाही.

आणि आकड्यांचा तक्ता नकाशाला जिल्ह्याच्या नावावरून जोडू नका. रोमन स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नकाशात जिल्हा कोरा. 2011 च्या जनगणनेचे कोड वापरा: नंदुरबार 497, धुळे 498, जळगाव 499.