मुक्ताईचा चेहरा कोणाचा? (चर्चा)

खडूफळा, यावल
गावच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात मुक्ताईचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलंय. भिंत सहा बाय चार फूट. शाळेत चित्रकला शिकवतो, गणपती-सरस्वती पुष्कळ रंगवले, पण इथे अडकलोय. कच्चं रेखाटन दाखवलं तर मंडळी म्हणाली, रंग उजळ करा, मुकुट द्या, वय जरा वाढवा. मी ऐकत नाहीये. परंपरेने मुक्ताईचा जन्म 1279 चा, आणि आपल्या तापीकाठी मेहूणला वीज कडाडून ती गुप्त झाली ते 1297 साली. म्हणजे अठरा वर्षं. बारावीतली पोरगी! आळंदीकडून उन्हातान्हात चालत आलेली. तिची गोरीपान, भरल्या अंगाची देवी का करायची? चुकत असेन तर सांगा.

तापीकाठ
सर, राग मानू नका, चुकताय. सातशे वर्षांत तिला पाहून चित्र काढलेला कोणी नाही. म्हणजे तुमचा उन्हात रापलेला चेहराही कल्पनाच. मग माझ्या आईची कल्पना कमी कशी? ती रोज ज्या तसबिरीला फूल वाहते त्यातली मुक्ताई गोरी आहे, मुकुटवाली आहे. देवळात मूर्तीला मुकुट चढवताना कोणी विचारतं का, ही राणी कधी होती? भिंतीवरचं चित्र नमस्काराला असतं, प्रदर्शनाला नाही.

खडूफळा
आईंच्या तसबिरीला माझाही नमस्कार. मुकुटाचं एक वेळ मान्य करतो, रंगाचं नाही. वर्गातल्या पोरी चित्र रंगवताना त्वचेसाठी डबीतला फिका गुलाबीच उचलतात. स्वतःचा हात शेजारी ठेवून बघा म्हटलं की हसतात. हे त्या कुठून शिकल्या?

केळीबाग, रावेर
ते जाऊ द्या मास्तर, नाक-डोळे कोणाचे घेतलेत ते सांगा. आमच्याकडे एकाने देवीच्या चित्राला गल्लीतल्याच पोरीचा चेहरा दिला होता. गावाने दुसऱ्या दिवशी ओळखलं. ती कॉलेजला निघाली की टारगट पोरं एसटी स्टँडवर हात जोडून उभी. शेवटी चेहऱ्यावर परत रंग मारावा लागला.

खडूफळा
भाचीचं नाक आणि हनुवटी घेतलीय. कबूल. पण 1936 च्या 'संत तुकाराम' सिनेमानंतर कित्येकांच्या मनात तुकोबा म्हणजे विष्णुपंत पागनीसच झाले ना? त्यांच्या चेहऱ्याला लोकांनी हात जोडलेच.

तापीकाठ
पागनीस पडद्यावर दिसायचे. तुमची भाची रोज दळण घेऊन जाताना दिसते. फरक आहे.

लेवाची लेक
सर, चेहऱ्यावर अडण्यापेक्षा हातांकडे बघा. मांड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: विसोबांनी कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, मग ज्ञानोबांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले. आणि खापरावरचे मांडे आपल्या खान्देशाइतके कोणाला कळणार? माझी आत्या पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत-फिरवत पार कोपरापर्यंत नेते, मग पालथ्या खापरावर अलगद सोडते. एक सुरकुती नाही. तो क्षण पकडा. पिठाने माखलेले हात बघून गावातली प्रत्येक बाई थांबेल.

शेतशिवार, बोदवड
झालं! ज्ञानोबांना चितारायचं तर हातात पोथी, निवृत्तीनाथ ध्यानात, आणि मुक्ताई चुलीपाशी. ताई, ती चांगदेवाची गुरू आहे. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून येणारा योगी या पोरीपुढे गुडघे टेकतो, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ आजही उभं आहे. आपल्या भागातली एवढी मोठी गोष्ट सोडून तिला स्वयंपाक करताना का दाखवायचं?

लेवाची लेक
मांडे करणं कमीपणाचं आहे असं मी म्हटलंच नाही, तुम्हीच म्हणताय. पण चांगदेवाचा मुद्दा पटला. मग त्याचं कोरं पत्र द्या तिच्या हातात. काय लिहावं कळेना म्हणून त्याने कोराच कागद धाडला, आणि मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. ते म्हणतानाचं तिचं तोंड!

खडूफळा
वा! हे सुचलंच नव्हतं. म्हणजे ओठांच्या कडेला किंचित हसू, एक भुवई जराशी वर. भाचीचं नाक पुसून टाकलं तरी चालेल मग.

तापीकाठ
आणि दर्शनाला आलेला माणूस विचारेल, ही पोरगी कसला निकाल बघतेय? शेजारी चांगदेव, वाघ, सगळं काढावं लागेल. सहा बाय चारात ते मावायचं नाही. आणि मिश्कील हसणाऱ्या चित्रापुढे आई डोळे मिटून उभी राहील असं मला वाटत नाही.

लेवाची लेक
आताच आजीला विचारलं. ती मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत चाललेली आहे. म्हणाली, "तोंड कसंही काढ म्हना, पन डोये खाले पाडू नको. चांगदेवाले शिकवे ती."

तापीकाठ
आजींपुढे काय बोलणार. पण मुकुटाचं काय म्हणाल्या?

लेवाची लेक
विचारलं. "उन्हात तापते तो," म्हणाली, आणि झोपली.

केळीबाग, रावेर
मास्तर, भिंत कोणत्या बाजूची आहे? पश्चिमेची असेल तर पावसाळ्यात ओल धरते. आधी गिलावा खरवडून नीट वाळू द्या, मग पुट्टी. नाहीतर पुढच्या आषाढीपर्यंत मुक्ताई, चांगदेव आणि तुमची भाची, सगळ्यांचे पोपडे होऊन खाली.