माळ्यावर सापडलेले चार राक्षस: धुवावेत, रंगवावेत की आहेत तसेच ठेवावेत?

नौपाडाकर (प्रश्न)

आमच्या नौपाड्यातील इमारतीचा पुनर्विकास ठरल्यामुळे गेल्या महिन्यात घर रिकामे करावे लागले. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावरून उतरवलेल्या पत्र्याच्या पेटीत, आईच्या जुन्या साड्यांच्या तळाशी, बिस्किटांचा एक डबा निघाला आणि त्या डब्यात जुन्या इंग्रजी भयपटांतील राक्षसांच्या चार छोट्या फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुल्या, होत्या. त्या हरवल्या असे मी गेली पस्तीस वर्षे धरून चाललो होतो.

माझा मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होता. १९८२ च्या दिवाळीला तो घरी आला, तेव्हा न्यूयॉर्कहून माझ्यासाठी अशा पाच फिगर घेऊन आला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. यांतील एकही चित्रपट आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे नावे आम्हीच ठेवली. सपाट डोक्याचा हिरवा तो ‘मुंजा’, कारण आमच्या आवारात पिंपळ होता. अंगभर पट्ट्या गुंडाळलेला तो ‘आजारी काका’, केसाळ तोंडाचा ‘लांडगोबा’, आणि खवल्यांचा, पंजांना पडदे असलेला तो ‘खाडीवाला’. हा रात्री कळव्याच्या पुलाखालून ठाण्याच्या खाडीतून वर येतो, अशी आम्हा मुलांची पक्की समजूत होती. ही पात्रे फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, ममी, वुल्फ मॅन आणि ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला गिल-मॅन आहेत, हे पुढे महाविद्यालयात असताना व्हिडिओ कॅसेटवर चित्रपट पाहिल्यावर कळले.

पाचवा ड्रॅक्युला होता. दिवाळीत आम्ही आवारात किल्ला करीत असू आणि जांभळी नाक्यावरून मातीचे मावळे आणीत असू. महाराजांच्या किल्ल्यावर भुते चालणार नाहीत, अशी अट आजोबांनी घातली होती. म्हणून हे पाचही जण पायथ्याशी शत्रूच्या छावणीत असत. १९८४ साली ड्रॅक्युलाला मी भुयारातून आत शिरवले आणि किल्ला मोडला त्या दिवशी तो मातीबरोबरच गेला.

आता मुख्य प्रश्न. मुंजा आणि खाडीवाला यांची डोकी हाताला चिकट लागतात व त्यांवर पांढुरकी बुरशीसारखी पूड आली आहे. लांडगोबाच्या नाकावरचा रंग पूर्ण गेला आहे. सगळ्यांच्या सांध्यांत किल्ल्याची लाल माती अडकलेली आहे. पेटीत डांबराच्या गोळ्याही होत्या. एका मित्राच्या मते चांगल्या कलाकाराकडून सर्व फिगर पुन्हा रंगवून घेतल्या, तर त्या नव्यासारख्या दिसतील. तसे करावे का? आणि पाचवा विकत घ्यावा का?

साचेकाम

मी तीस वर्षे ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात प्लास्टिकच्या साच्यांवर काम केले आहे, म्हणून आधी चिकटपणाविषयी लिहितो, कारण या बाबतीत घाईने केलेला उपाय मूळ दोषापेक्षा अधिक नुकसान करतो.

पीव्हीसी हे मुळात कडक आणि ठिसूळ प्लास्टिक आहे. ते मऊ व लवचीक व्हावे म्हणून त्यात तेलासारखा एक द्रव, म्हणजे प्लास्टिसायझर, मिसळतात. तो पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता त्यात मुरलेला असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि उष्णतेने हा प्रवास वेगवान होतो. पत्र्याच्या छपराजवळचा किंवा स्वयंपाकघरावरचा माळा ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा. वर आलेल्या थरावर धूळ बसते, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशीलाही तो थर मानवतो. तुमच्या फिगरची डोकीच चिकट आहेत आणि धडे कोरडी आहेत, यावरून डोकी मऊ पीव्हीसीची आणि धडे कडक प्लास्टिकची असावीत, असे मला वाटते. नखाने हलके दाबून पाहिलेत तर फरक लगेच समजेल.

पांढरी पूड घरात झटकू नका. गच्चीवर किंवा खिडकीशी, तोंडाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने काढा. नंतर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने डोके हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. पाणी गरम नको. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांपैकी काहीही लावू नका, कारण त्याने रंग क्षणात उतरतो. एका धुण्याने चिकटपणा पूर्ण जाणार नाही आणि काही महिन्यांनी तो पुन्हा जाणवेल. तेव्हा पुन्हा धुवावे, पण जोराने घासू नये.

डांबराच्या गोळ्या मात्र आजच बाहेर काढा. त्यांतील नॅप्थालीनच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात, पॉलिस्टायरीन हे कडक प्लास्टिक तर विशेषच. त्याचप्रमाणे चिकट झालेले पीव्हीसी कडक प्लास्टिकला टेकवून ठेवू नका, कारण बाहेर आलेला द्रव शेजारच्या वस्तूत शिरून तिला डाग पाडतो किंवा वितळवतो. प्लास्टिकच्या पिशव्या, बबल रॅप, वर्तमानपत्र हे सर्व टाळा. काच हा द्रव शोषून घेत नाही, म्हणून उन्हापासून दूर असलेले काचेचे कपाट उत्तम. चौघांना एकमेकांपासून बोटभर अंतरावर उभे करा.

वाशीकर संग्राहक

फिगर बहुधा अमेरिकेतील रेम्को या खेळण्यांच्या कंपनीच्या ‘मिनी-मॉन्स्टर्स’ मालिकेतील असाव्यात. ही मालिका १९८० साली बाजारात आली. उंची पावणेचार इंच, म्हणजे १९७८ पासून केनर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’ फिगरनी रूढ केलेली. मालिकेत एकूण सहा पात्रे होती. तुम्ही सांगितलेल्या पाचांखेरीज सहावा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ होता. पाठीवर किंवा पायाखाली कोरलेला मजकूर भिंगातून वाचा, म्हणजे खात्री होईल.

तुमचा मुंजा हिरवा का, याला एक कारण आहे. १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ कृष्णधवल आहे, पडद्यावर हिरवे काहीच नाही. बोरिस कार्लॉफ यांच्या चेहऱ्याला रंगभूषाकार जॅक पियर्स हिरवट छटेचा रंग लावीत, कारण त्या काळच्या फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट उमटत असे. पोस्टर आणि खेळण्यांनी पुढे तोच हिरवा उचलला. डोके सपाट असण्यामागेही पियर्स यांचा स्वतःचा तर्क होता. मेंदू बसवायचा तर शल्यविशारद कवटीचा वरचा भाग झाकणासारखा कापील, असे ते म्हणत. खाडीवाल्याची गोष्ट मला अधिक लागून राहते. १९५४ च्या त्या चित्रपटातील गिल-मॅनचे रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने रेखाटले, पण श्रेय विभागप्रमुख बड वेस्टमोर यांच्याकडे गेले आणि तिचे नाव अनेक दशके कोणी घेतले नाही. तुमच्या हातात आहे ती फिगर तिच्या रेखाटनाची वंशज आहे, म्हणून तिचा रंग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता ड्रॅक्युला. १९३१ च्या चित्रपटात ही भूमिका बेला लुगोसी यांनी केली. १९५६ साली त्यांचे निधन झाले आणि पुढे हे चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल या कंपनीने त्यांच्या रूपातील ड्रॅक्युलाचे हक्क खेळण्यांसह अनेक वस्तूंसाठी विकले. लुगोसींच्या पत्नीने व मुलाने त्याविरुद्ध दावा केला. डिसेंबर १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा असा उपयोग करण्याचा हक्क माणसाने हयातीत वापरला नसेल, तर तो वारसांकडे जात नाही. दावा कुटुंब हरले, परंतु त्या वादामुळे काही वर्षांतच तेथील कायदा बदलला आणि वारसांना हक्क मिळाला. म्हणून ड्रॅक्युलाची जुनी फिगर पाहताना हा चेहरा नेमका कोणाचा, हा प्रश्न माझ्या मनात दर वेळी येतो.

विकत घ्यायचाच असेल, तर दोन मार्ग आहेत. सुपर सेव्हन ही कंपनी आजही त्याच पावणेचार इंच उंचीच्या फिगर काढते आणि त्यांत युनिव्हर्सलचे राक्षस आहेत. त्या देखण्या आहेत, पण तुमच्या चौघांशेजारी नवा उठून दिसेल. दुसरा मार्ग म्हणजे पाकिटाबाहेरची, खेळलेली जुनी फिगर शोधणे. यात केप, म्हणजे ड्रॅक्युलाच्या खांद्यावरचा कापडी झगा, पाहावी लागते. मूळ केप बहुतेक वेळा हरवलेली असते आणि विक्रेते नवी शिवलेली केप मूळची म्हणून दाखवतात. केप नसलेली फिगर स्वस्तही पडते आणि फसवणूकही टळते. परदेशातून मागवताना शुल्काची रक्कम आधीच विचारून घ्या. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. चाळीस वर्षांची वस्तूही कागदोपत्री खेळणेच ठरू शकते.

नेरूळ पूर्व

मी संग्राहक नाही, परंतु पुन्हा रंगवण्याचा अनुभव मला आहे, म्हणून लिहिते. १९९३ साली ‘झपाटलेला’ प्रदर्शित झाला, तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचूची त्याला इतकी भीती वाटली, की दुसऱ्याच दिवशी त्याने तशीच बाहुली हवी म्हणून हट्ट धरला. बाजारात शोधूनही तशी मिळाली नाही. मग मी कापडाचे अंग शिवले, कागदाच्या लगद्याचे डोके केले आणि पोस्टरकलरने चेहरा रंगवला. दोन वर्षे तो तिला उजव्या गालाला धरून घरभर नेत असे.

पुढे तो शिक्षणासाठी बाहेरगावी निघाला, त्याच्या आदल्या आठवड्यात मी हौसेने त्या बाहुलीचा चेहरा नव्याने रंगवला आणि वर वॉर्निशही दिले. माझा हात तोवर सुधारला होता आणि चेहरा खरोखर पहिल्यापेक्षा चांगला झाला होता. त्याने ती हातात घेतली, अंगठा उजव्या गालावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. तिथला रंग त्याच्याच बोटांनी गेलेला होता, आणि मी तो भरून टाकला होता. बाहुली त्याने सोबत नेली नाही. तुमच्या लांडगोबाचे नाक कोणाच्या बोटाने पुसले गेले, हे तुम्हाला आठवत असेल, तर त्याला हात लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नौपाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. लांडगोबाचे नाक धाकट्या बहिणीने पुसले. दात येत असताना ती तेच चावत असे. नाक तसेच राहील.

सांगितल्याप्रमाणे मुंजा आणि खाडीवाला यांची डोकी धुतली. पूड पूर्ण गेली, चिकटपणा निम्म्याने कमी झाला. पायाखालचा मजकूर भिंगातून वाचला, त्यात १९८० हे वर्ष स्पष्ट दिसते. सांध्यांतील माती काढायची नाही असे ठरवले होते, परंतु आजारी काकांचा खांदा हलवताना थोडी माती आपोआप ताटलीत पडली आणि तिच्यात हळिवाचा एक वाळका दाणा निघाला. किल्ल्यावर हिरवळ उगवावी म्हणून आजी हळीव पेरीत असे. तो दाणा आणि चिमूटभर माती काचेच्या कुपीत ठेवली आहे. कपाटात ती चौघांच्या मागे उभी आहे.

रविवारी मामाला कळव्याहून घरी आणले. आता तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. कपाटासमोर खुर्ची ओढून तो बसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पाचवा कुठे आहे?” ड्रॅक्युला मित्राला खेळायला दिला आहे, असे मी १९८४ साली त्याला सांगितले होते. या वेळी भुयाराची खरी हकीकत सांगितली. तो रागावला नाही. किल्ला आवारात नेमका कुठे होता, पिंपळाच्या कोणत्या बाजूला, हे मात्र त्याने दोनदा विचारून घेतले.

मी केप नसलेला जुना ड्रॅक्युला मागवला आहे. जहाजावर असताना मामा स्वतःचे कपडे स्वतः शिवत असे. त्याने काळ्या सॅटिनचा वीतभर तुकडा आणि बारीक सुई मागून घेतली आहे. केप तोच शिवणार आहे.