तळव्यातल्या गाठीवर बीपीच्या औषधाचं जेल: रुग्णाचा शब्द मानायचा की नाही?

रामबागी, इंदूर
तळव्याच्या कमानीत, आतल्या कडेला गाठ आहे. सोनोग्राफी झाली, निदान प्लांटर फायब्रोमा, म्हणजे लेडरहोजचा आजार. कॅन्सर नाही. पण लालबागला फिरायला गेलं की बुटात खडा अडकल्यासारखं होतं. अमेरिकेतला मावसभाऊ याच दुखण्यावर १५ टक्के व्हेरापामिलचं जेल लावतो. व्हेरापामिल म्हणजे बीपीचं जुनं औषध, आपल्याकडे कॅलाप्टिन नावाने मिळतं. तिकडे काही औषधवाले डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याचं जेल बनवून देतात. दिवसातून दोनदा, सहा महिने ते वर्षभर चोळायचं. तो म्हणतो, ठणका गेला, गाठ मऊ पडली. असं सांगणारे इतरही रुग्ण आहेत. इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं. माझं मत सरळ आहे: पाय ज्याचा, साक्ष त्याची. तो बरं वाटतंय म्हणतो तर नाही म्हणणारे आपण कोण?

दवाबाजारवाला
बरं वाटलं हे कोण नाकारतंय? जेलने वाटलं का, एवढाच वाद आहे. या गाठी मुळात लहरी. काही महिने वाढतात, ठणकतात, मग वर्षानुवर्षं गप्प बसतात. आणि माणूस औषध आणतो कधी? ठणका अगदी असह्य झाला की. त्यानंतर काहीही लावा, बऱ्याचदा उतार पडणारच असतो. शिवाय तोच माणूस त्याच सुमारास मऊ इनसोल घेतो, घरात अनवाणी फिरणं सोडतो. श्रेय सगळं ट्यूबला! ज्याला गुण येत नाही तो ट्यूब फेकतो आणि विसरतो, कौतुक करायला बसत नाही.

सुखलियाकर
सासऱ्यांकडे कॅलाप्टिनची पट्टी पडून आहे. कुटून व्हॅसलीनमध्ये कालवली तर?

दवाबाजारवाला
भिया, नको! गोळी पोटासाठी बनवलेली असते, कातडीतून आत जायला नाही. आणि गाठीसाठी गिळायचा तर विचारही नको. नाडी मंदावते, बद्धकोष्ठ होतो. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपीचीच दुसरी गोळी, चालू असेल तर ठोके धोकादायक इतके उतरू शकतात.

निवृत्त मास्तरीण
शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे, म्हणून थोडं लांबण लावते. कल्पना खुळी नाही. व्हेरापामिल पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवतं. प्रयोगशाळेत असं दिसलं की त्यामुळे फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन, म्हणजे ऊतींना घट्टपणा देणारं धाग्यांसारखं प्रथिन, कमी बनवतात आणि ते विरघळवणारं एन्झाइम वाढतं. गाठ कोलॅजनचीच, म्हणून हा मार्ग. पेरोनीच्या आजारात, म्हणजे पुरुषांच्या लिंगात असाच कठीण पट्टा होतो त्यात, १९९४ पासून हे औषध इंजेक्शनने थेट आत देऊन पाहिलं गेलं. जेलचं घोडं अडतं ते कातडीपाशी. २००२ मध्ये शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांना आधी त्या जागी १० टक्के जेल लावलं. काढलेल्या ऊतीत औषध सापडलंच नाही, थोडंसं लघवीत मिळालं. ती कातडी किती पातळ! तळव्याची त्वचा अंगात सगळ्यात जाड, आणि गाठ तिच्याही खाली.

रामबागी
मॅडम, ते जेल १० टक्के आणि लावलं आदल्या रात्री नि त्या सकाळी. इथे महिनोन्‌महिने चोळायचंय. आणि पुराव्याचा आग्रह सगळ्यांनाच लावा की! गाठ कापून काढली तर परत येते, नुसती गाठ काढली तर फारच वेळा. स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर तयार असतात, त्याच्यामागे तरी असा कोणता मोठा अभ्यास आहे? मग जेलचंच हसू का?

निवृत्त मास्तरीण
स्टिरॉइडबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्यावरही हसा.

लोकमान्यनगर
नेदरलँड्समधला अभ्यास कोणी काढला नाही म्हणून सांगतो. याच आजाराचे ८४ रुग्ण, अहवाल २०२३ चा. निम्म्यांना तळव्यावर रेडिएशन, निम्म्यांना नुसतं मशीनखाली बसवलं. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. वर्षाने रेडिएशनवाल्यांचं दुखणं कमी निघालं. आता गंमत पाहा, दुखणं मोजलं कशावर? रुग्णाने स्वतः दिलेल्या आकड्यावर. तेव्हा रामबागी, तुमची ‘साक्ष त्याची’ तिथेही मानलीच की. फक्त साक्षीदाराला आधी पढवलं नव्हतं. तुमच्या मावसभावाने पदरचे डॉलर मोजलेत, वर्षभर रोज चोळलंय. तो ‘काही उपयोग नाही’ असं सहजी म्हणेल का?

रामबागी
हे पटलं. पण बिनकॅन्सरच्या गाठीसाठी मी रेडिएशन घेणार नाही, जेल मात्र घेईन. कातडी फार तर लाल होईल.

दवाबाजारवाला
घ्या, पण ईसीजी आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवून. आणि ‘मऊ पडली’ वगैरे नको. सुरू करण्याआधी सोनोग्राफीत मिलिमीटरमध्ये माप, सहा महिन्यांनी त्याच सेंटरवर पुन्हा.

सुखलियाकर
काहींना दोन्ही पायांत गाठी असतात ना? एका पायाला जेल, दुसऱ्याला साधं मलम. ट्यूब बायकोने भरायच्या, कोणती कुठली ते फक्त तिला माहीत.

निवृत्त मास्तरीण
चेष्टा म्हणून लिहिलंत, पण पद्धत चोख आहे.

रामबागी
माझी एकाच पायात आहे, आणि बायकोला गुपित राखता येत नाही. मापाचं मात्र करतो. भाऊसुद्धा शेवटचा एमआरआय कधी झाला ते सांगत नाहीये, त्यालाही विचारतो.