मदत हवी आहे : आल्टेक ए-७ ची नक्कल केली, बेस घुमतोय आणि गाणाऱ्याचा आवाज मागे जातोय

खर्जवाला
आल्टेक ए-७ (जुना अमेरिकन थिएटर स्पीकर) ची जोडी बनवली आहे. आल्टेकच्या ८२५ बॉक्सच्या मापाचे बॉक्स (४२ x ३० x २४ इंच), १८ मिमी प्लाय, वर त्यांच्याच ८११ हॉर्नच्या आकाराचा फायबरचा हॉर्न. ओरिजिनल ड्रायव्हर परवडत नाहीत म्हणून १५ इंची ५०० वॅटचा वूफर आणि १ इंची टायटॅनियम ड्रायव्हर लावलाय. आवाज जमत नाहीये. खालचा तबला एकाच सुरात बोलतो आणि गाणारा पडद्यामागे बसल्यासारखा वाटतो. शनिवारी २०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये भावगीतांचा कार्यक्रम आहे. वूफर बदलू की पोर्ट (बॉक्समधून हवा जायचं तोंड) बंद करू? थिअरी नको, नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

मोजपट्टी
"१५ इंची ५०० वॅट" यातून काहीच कळत नाही. वूफरचे एफएस (तो स्वतः ज्या सुरावर घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं), व्हीएएस (कोनाइतकीच लवचिक हवा, लिटरमध्ये) किती? क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला, वरचे हॉर्नला वाटून देणारं सर्किट) कुठला, किती हर्ट्झवर तोडतोय? पोर्टचं तोंड केवढं, मागे बोगदा आहे का? बॉक्सचं निव्वळ आकारमान किती?

डीएसपीप्रेमी
पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढून टाका. दोन अ‍ॅम्प आणि एक प्रोसेसर (डिजिटल क्रॉसओव्हर) घ्या, १२०० हर्ट्झवर २४ डीबी लिंकविट्झ-रायली फिल्टर लावा, ६० हर्ट्झला ४ डीबी खाली ओढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आल्निको
ए-७ म्हणजे ४१६ वूफर आणि ८०२ ड्रायव्हर. त्याशिवाय तो नुसता लाकडी खोका. तो गोडवा आल्निको मॅग्नेटचा असतो, स्वस्त फेराइट मॅग्नेटमध्ये येत नाही. थोडे थांबा, पैसे साठवा, जुनी जोडी शोधा.

खर्जवाला
शनिवारपर्यंत कुठून पैसे साठवू? वूफरच्या कागदावर हे आहे : एफएस ३८, क्यूटीएस ०.५२, क्यूईएस (मोटरपुरता क्यू) ०.५५, व्हीएएस २३० लिटर, एमएमएस (कोनाचं वजन) ८० ग्रॅम, आरई (कॉइलचा रोध) ५.६ ओहम, एलई (कॉइलचा इंडक्टन्स) १.६ मिलिहेन्री, ९६ डीबी. क्रॉसओव्हर रेडिमेड बोर्ड आहे, चांगल्या दुकानातला. पोर्ट ५४ x ६ सेंमी, फळीत कापलेलं तोंड. मागची खोली हॉर्नचे पंख (बॉक्समध्येच वूफरपुढे केलेल्या हॉर्नच्या वाकवलेल्या फळ्या) वजा जाता २४० लिटर.

मोजपट्टी
रेडिमेड बोर्ड किती हर्ट्झचा? तेच तर विचारतोय.

खर्जवाला
बोर्डवर ३.५ के लिहिलंय.

मोजपट्टी
मग गाणारा मागे जाणारच. ए-७ मध्ये क्रॉसओव्हर ८०० हर्ट्झवर असतो (५११ हॉर्नच्या ए-७-५०० मध्ये ५०० वर). तुमचा वूफर ३५०० पर्यंत एकटा गातोय. १.६ मिलिहेन्रीची कॉइल आणि १५ इंची कोन त्या पट्ट्यात जेमतेम चालतात, बाजूला बसलेल्यांना तर काहीच पोचत नाही. शब्दांची बरीचशी स्पष्टता १ ते ४ हजारांत असते.

बोर्ड काढा. साधा १२ डीबीचा, १२०० हर्ट्झ, ८ ओहम : वूफरला मालिकेत १.५ मिलिहेन्री आणि समांतर १२ मायक्रोफॅरड; हॉर्नला मालिकेत १२ मायक्रोफॅरड आणि समांतर १.५ मिलिहेन्री. वूफरच्या टर्मिनलवर झोबेल लावा, ६.८ ओहम आणि ३३ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ. झोबेल नसेल तर वूफरचा इंपीडन्स (एसीला होणारा रोध) सुराबरोबर वर चढत जातो आणि १२०० चं गणितच फसतं. वूफरच्या मालिकेतली कॉइल एअर-कोअर (आत लोखंड नसलेली), निदान १ मिमी जाड तारेची घ्या. ८०० वर तोडायचा मोह नको. एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजाला डायाफ्रामचा झोका चौपट होतो, आणि स्वस्त १ इंची ड्रायव्हर तिथेच फाटतात.

डीएसपीप्रेमी
हेच प्रोसेसरवर दोन मिनिटांत होतं. तिथे डिलेही देता येतो. कॉम्प्रेशन ड्रायव्हर वूफरच्या १२ सेंमी पुढे असेल तर हॉर्नला ०.३५ मिलिसेकंद.

मोजपट्टी
खरं आहे, पण त्यांच्याकडे अ‍ॅम्प एकच दिसतोय. हॉर्न बॉक्सवर मोकळा ठेवलाय, तो १२ सेंमी मागे सरकवला की तेच झालं, एक पैसा न घालता. तपासायचं असेल तर हॉर्नच्या तारा सुलट ठेवून १२०० हर्ट्झचा सूर लावा. आवाज सर्वांत जास्त पडेल ती जागा बरोबर. मग हॉर्नच्या तारा उलट्या करा, १२ डीबीच्या क्रॉसओव्हरला त्या तशाच लागतात. प्रोसेसर वापरलाच तर हॉर्नला मालिकेत ४७ मायक्रोफॅरड ठेवा, अ‍ॅम्प चालू करतानाच्या एका धक्क्यात डायाफ्राम जातो.

मंडपवाले
१०० व्होल्टची लाइन टाकताय का? ट्रान्सफॉर्मरला ३० वॅटचं टॅपिंग घ्या, केबल १.५ स्क्वेअर एमएमची. मंदिराच्या कर्ण्यांना हेच चालतं.

खर्जवाला
१०० व्होल्ट नाही हो, साधे ८ ओहम. बेसचं कुणी बोलतच नाहीये.

आल्निको
बेसचं कारण जड कोन. ४१६ चा कोन हलका असतो.

कॉइलमास्तर
८० ग्रॅम जड नाही, १५ इंचीला अगदी योग्य वजन आहे. कमजोर आहे ती मोटर (मॅग्नेट आणि कॉइल). क्यूईएस ०.५५ म्हणजे बीएल (मोटरचा जोर) १४ च्या आसपास; याच वजनाला १९-२० हवं. बॉक्सच्या पुढच्या हॉर्नमध्ये वूफर २ x एफएस / क्यूईएस पर्यंत जोर धरतो. तुमचा १३८ हर्ट्झला दमतो, ४१६ साधारण २०० पर्यंत जातो. म्हणून तबल्याचा तळ फुगतो आणि आवाजाचा भरणा बसतो.

बदली वूफर घ्यायचाच तर हे बघा : क्यूटीएस ०.२५ ते ०.३५, एफएस ३५ ते ४२, एलई १ मिलिहेन्रीच्या आत, ९८ डीबी किंवा वर. वॅट बघू नका, २०० पुरे आहेत. "सब" किंवा "डीजे बेस" म्हणून विकतात ते घेऊ नका, ते लांब कॉइलचे, संथ असतात. आल्निको की फेराइट याने इथे काही बिघडत नाही. आल्टेकने स्वतःच पुढे ४१६ फेराइटवर नेला.

आल्निको
फेराइट ४१६ ऐकलेला माणूस आल्निकोकडेच परत येतो. आकडे ऐकू येत नाहीत.

कॉइलमास्तर
बीएल आणि क्यूईएस सारखे ठेवून, आवाजाची पातळी जुळवून तुलना केली तरच मॅग्नेटबद्दल काही म्हणता येईल. धागा मॅग्नेटचा नाही, इथेच थांबतो.

शनिवारपुरतं हाच वूफर ठेवून : तुमच्या पोर्टने बॉक्स ४६ हर्ट्झच्या आसपास ट्यून झालाय (म्हणजे पोर्टमधली हवा त्या सुरावर बोलते). क्यूटीएस ०.५२ ला हा बॉक्स लहान आणि ट्यूनिंग वर, म्हणून ५५-६० ला फुगवटा. ट्यूनिंग ३३ वर आणा.

सुतारकाम
पोर्ट अर्धं झाका. फळीचा तुकडा, चार स्क्रू.

कॉइलमास्तर
अर्ध्याने भागणार नाही. बोगदा नसलेल्या तोंडात हवेच्या लांबीचा मोठा भाग तोंडाच्या आकारावरूनच येतो, तोंड लहान केलं की ती लांबीही घटते. ३३ वर यायला जवळपास ७० टक्के झाकावं लागेल, १०० चौरस सेंमी उरेल आणि हार्मोनियमच्या भात्यासारखी फुसफुस ऐकू येईल. तोंड तेवढंच ठेवा आणि आतून बोगदा लावा, फळीची जाडी धरून एकूण २० सेंमी खोल. १२ मिमी प्लायच्या चार पट्ट्या, फेव्हिकॉल, कोपऱ्यात सिलिकॉन. बोगद्याचं मागचं तोंड आणि मागची फळी यांत १० सेंमी तरी मोकळे असावेत.

सुतारकाम
बरोबर, बोगदाच करा. पंख कशाचे केलेत? ६ मिमी प्लाय एकेरी वाकवला असेल तर तोच १५० ते ३०० मध्ये थरथरतो. बोटाच्या पेराने ठोका. ढब् यायला हवं, टण् आलं तर मागून दर १५ सेंमीवर ४० मिमीची पट्टी मारा आणि वर ६ मिमीचा दुसरा थर चिकटवा. बॉक्स मंडपात फिरणार असेल तर पुढच्या खेपेला आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय पावसाळ्यात कडेने सुटतो.

खर्जवाला
पंख एकेरीच होते, पट्ट्या मारल्या. बोगदा लावला. क्रॉसओव्हर बांधला. आता हॉर्न कानात घुसतोय, पण झांजा बोथट आहेत. आणि ट्यूनिंग ३३ झालं हे कळणार कसं?

मोजपट्टी
हॉर्न १०६ डीबी असेल तर वूफरशी १० डीबीचा फरक आहे. क्रॉसओव्हरनंतर ५.६ ओहम मालिकेत, मग ड्रायव्हरला समांतर ३.९ ओहम, दोन्ही २० वॅटचे. क्रॉसओव्हरला भार ८ ओहमचाच दिसतो. झांजांसाठी ५.६ वर ३.३ मायक्रोफॅरड समांतर ठेवा, ८ हजारांच्या वर उजळेल.

ट्यूनिंगसाठी मोबाइलवर टोन जनरेटर. अ‍ॅम्पच्या धन टोकाला १ किलोओहम, मग थेट वूफर, क्रॉसओव्हर मध्ये नको. १०० हर्ट्झला अ‍ॅम्पच्या टोकांवर १० व्होल्ट एसी लावा. आता वूफरवरचे मिलिव्होल्ट भागिले १० म्हणजे ओहम. २० पासून १०० हर्ट्झपर्यंत एकेक हर्ट्झने जा. दोन शिखरं मिळतील, मधली दरी म्हणजे ट्यूनिंग.

खर्जवाला
डावा : दरी ३४ ला, ६.४ ओहम. उजवा : ३६ ला, ११ ओहम, शिखरंही बुटकी. वूफर अदलाबदल करून पाहिले, फरक बॉक्समध्येच राहतो.

कॉइलमास्तर
डावा उत्तम. उजवा गळतोय. दरीत इंपीडन्स आरईच्या जवळ यायला हवा, ११ म्हणजे हवा कुठूनतरी निसटतेय. कोन हाताने दाबून कळणार नाही, पोर्ट उघडंच असतं. ३० हर्ट्झचा सूर मोठ्याने लावा आणि मागच्या फळीच्या कडेने, टर्मिनलच्या भोवती, हँडलच्या भोकांशी पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे फट.

खर्जवाला
मागच्या फळीचा खालचा उजवा कोपरा, आणि एका हँडलचा स्क्रू आरपार गेलाय. दाराला लावतात ती फोमची पट्टी चालेल का?

सुतारकाम
३ मिमी जाड, बंद छिद्रांची असेल तर चालेल. मऊ स्पंजची नको, त्यातून हवा जाते. फळीला दर १० सेंमीवर स्क्रू मारा. हँडलचा स्क्रू काढून भोकात सिलिकॉन भरा, रात्रभर सुकू द्या, मग आखूड स्क्रू.