क्लासिक रॉक ऐकण्याची खरी जागा कोणती: मैदान की स्वयंपाकघर?

कानसेन

गेल्या महिन्यात एका नावाजलेल्या जुन्या बँडच्या कार्यक्रमाला गेलो होतो आणि परतताना मनाशी ठरवून टाकले की हा आपला शेवटचा. बँडचे नाव घेत नाही, कारण तक्रार त्यांच्यापुरती नाही. मी रंगमंचापासून साधारण १२० मीटरवर उभा होतो. पडद्यावर ड्रमरची काठी झांजेवर पडलेली दिसायची आणि आवाज मागाहून यायचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे माझ्यापर्यंत यायला त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक वेळ लागत होता, आणि मध्यम लयीच्या गाण्यात तेवढ्यात अर्ध्याहून अधिक मात्रा निघून जाते. गायक सत्तरी ओलांडलेला होता, गाणी मूळ पट्टीच्या खाली उतरवलेली होती (यात गैर काही नाही, वय कोणाला चुकले आहे), आणि भोवतालची गर्दी तीन गाजलेल्या गाण्यांची वाट पाहत उरलेला सगळा वेळ गप्पा मारत होती.

ही गाणी मी पस्तीस वर्षे ऐकतो आहे. ती मला भेटली भांडी घासताना, कपड्यांना इस्त्री करताना, आजारी माणसाच्या उशाशी जागताना एकाच कानात इअरफोन घालून. ऑलमन ब्रदर्स बँडची 'ॲट फिलमोर ईस्ट' ही मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात ध्वनिमुद्रित झालेली दुहेरी तबकडी मला सर्वांत जवळची. तिच्यात 'यू डोन्ट लव्ह मी' चालू असताना वाद्ये क्षणभर थांबतात आणि श्रोत्यांतून कोणीतरी ओरडतो, "रात्रभर वाजवा!" ती आरोळी कुठे येणार हे इतके अंगवळणी पडले आहे, की हातातले पातेले नळाखाली तसेच धरून मी तिच्यासाठी थांबतो. थेट कार्यक्रम म्हणजे लग्नाचा सोहळा. संसार घरीच होतो.

बीटल्सनाही हे उमगले असावे. किंकाळ्यांच्या गदारोळात त्यांना आपलेच वादन ऐकू येत नसे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला, आणि पुढच्याच वर्षी स्टुडिओतून 'सार्जंट पेपर' ही तबकडी बाहेर पडली. तेव्हा माझे म्हणणे असे, की चाहत्याने मैदानापायी जीव टाकू नये.

तिसरी रांग

तुमचा साक्षीदार तुमच्यावरच उलटला आहे. "रात्रभर वाजवा" म्हणून ओरडणारा तो गृहस्थ त्या संध्याकाळी घरी पातेले घासत बसला असता, तर तुम्ही आज नळाखाली पातेले धरून कशासाठी थांबला असता? तुमच्या संसारातला सर्वांत लाडका क्षण दुसऱ्या कोणाच्या तरी सोहळ्यातून आलेला आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एरवी साध्या गिटारवर लोकगीते गाणारा बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा असताना एका श्रोत्याने त्याला "जुडास" अशी हाक मारली, म्हणजे सरळ विश्वासघातकी ठरवले. डिलनने त्याला उलट उत्तर दिले, साथीदारांना जोरात वाजवायला सांगितले, आणि त्यानंतरचे गाणे ज्या त्वेषाने आले तो त्वेष कोणत्याही स्टुडिओत ठरवून आणता आला नसता. श्रोता तिथे गिऱ्हाईक म्हणून हजर नव्हता, त्याने वादनाची दिशाच बदलली.

आणि बीटल्सचा दाखला अर्धाच दिलात. ३० जानेवारी १९६९ रोजी हीच मंडळी लंडनमधल्या आपल्या कचेरीच्या गच्चीवर चढली आणि कडाक्याच्या थंडीत सुमारे ४२ मिनिटे वाजवत राहिली. स्टुडिओ त्यांच्या हाताशीच होता, तरी गच्चीवर जावेसे वाटलेच.

ध्वनिमिस्त्री

मी बरीच वर्षे ध्वनिव्यवस्थेची कामे केली आहेत, त्यामुळे आधी त्या १२० मीटरांबद्दल लिहितो. हा दोष थेट संगीताचा नसून मांडणीचा आहे. एवढ्या मैदानात मध्ये मनोऱ्यांवर ध्वनिक्षेपक लावायचे असतात आणि त्यांना आवाज मुद्दाम तेवढ्याच विलंबाने द्यायचा असतो, म्हणजे रंगमंचाकडून येणारा आणि मनोऱ्यातला आवाज एकमेकांत मिसळतात. पडद्यावरचे चित्रही थोडे थांबवून दाखवता येते. तुमच्या कार्यक्रमात कोणीतरी कामचुकारपणा केला.

मला खरी काळजी कानांची वाटते आणि तिचा या वादात कोणी उल्लेखही केलेला नाही. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असे सर्वसाधारणपणे धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. द हू या बँडने ३१ मे १९७६ रोजी लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर ध्वनिक्षेपकांपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरतील एवढा आवाज काढला होता, आणि त्याची गिनीज बुकात विक्रम म्हणून नोंद झाली. त्या काळी हा पराक्रम वाटत असे. माझ्या डाव्या कानात एक बारीक शिटी रात्रंदिवस वाजते. तरुणपणी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला टेकून उभे राहण्यात जी मर्दुमकी वाटत होती, तिचे हे बक्षीस.

उपाय साधा आहे. फोमचे बूच बोटांत वळून सुईसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वरून धरून वर आणि मागे ओढायचा, बूच आत सारायचे आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि मग उपयोग होत नाही म्हणतात.

मात्र कानसेन, घरी सगळे सुरक्षित आहे असेही समजू नका. नळाच्या धारेवर मात करायला आपण नकळत इअरफोनचा आवाज वाढवतो. द हूच्याच पीट टाउनशेंड या गिटारवादकाने आपल्या कानांचे नुकसान रंगमंचामुळे झाले नसून स्टुडिओतल्या हेडफोनमुळे झाले, असे सांगितलेले आहे.

बाजू ब

कानसेन आणि तिसरी रांग, तुम्ही दोघेही 'थेट' या शब्दावर फार विसंबून आहात. द हूने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवले आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात. हलच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या काही गाण्यांतला बेस, म्हणजे खर्जातल्या गिटारचा आवाजच उमटलेला नव्हता, म्हणून २०१० मध्ये ते प्रसिद्ध करताना लीड्सचा बेस आणून तिथे बसवला. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या थेट तबकडीचा बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवला गेला असे तिचा निर्माता टोनी व्हिस्कोंटी म्हणतो, आणि बँडच्या बाजूचे लोक ते साफ नाकारतात. मला या जोडकामाचा राग नाही. हलची बेसजोड कुठे संपते ते शोधण्यात मी एक अख्खा रविवार घालवला आहे आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

उशिरा आलेला

माझा जन्म १९९६ चा. फिलमोर ईस्ट २७ जून १९७१ रोजी बंद झाले, तेव्हा माझे आईवडीलही शाळेत होते. कानसेन, तुम्ही शेवटचा कार्यक्रम ठरवू शकता, कारण तुमचे आधीचे झालेले आहेत. आमच्या पिढीला मिळतो तो पहिलाच कार्यक्रम शेवटचा असतो. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे पुन्हा एकत्र वाजवायला आले, ते मी संगणकाच्या पडद्यावर पाहिले. ऑझी ऑस्बोर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला आणि त्याचा आवाज जागोजागी डळमळत होता. त्यानंतर सतराव्या दिवशी तो गेला. त्यांच्या तबकड्या मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, पण त्या रात्रीनंतर त्याच गाण्यांतला त्याचा तरुण आवाज मला निराळा ऐकू येतो. पट्टी खाली उतरली म्हणून तो कार्यक्रम कमी प्रतीचा झाला, हे मला अजिबात पटत नाही.

कानसेन

उशिरा आलेला यांचा मुद्दा मानतो. पट्टीबद्दलचे वाक्य मी जरा तोऱ्यात लिहिले होते. पण ज्या रात्रीने तुमचे ऐकणे बदलले ती तुम्हाला पडद्यावरच मिळाली, एवढे नम्रपणे नोंदवतो.

ध्वनिमिस्त्री म्हणतात की दोष मांडणीचा. मला तो त्याआधी आकाराचा वाटतो, आणि ही तक्रार केवळ श्रोत्यांचीच नाही. ६ जुलै १९७७ रोजी माँट्रियलच्या ऑलिंपिक मैदानावर पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम चालू असताना समोरच्या धांगडधिंग्याला वैतागून बँडचा रॉजर वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. त्याची त्यालाच एवढी शरम वाटली, की वादक आणि श्रोते यांच्यामध्ये भिंत उभी राहिल्याची कल्पना त्यातून निघाली आणि १९७९ मध्ये 'द वॉल' ही तबकडी आली. ज्या मैदानात रंगमंचावरच्या माणसालाही समोरचा माणूस माणूस वाटेनासा होतो, तिथे मागच्या टोकाला उभे राहून मी नेमका कशात भाग घेत असतो?

तिसरी रांग

मग तुमचे भांडण मैदानाशी आहे, कार्यक्रमाशी नव्हे. हे आधीच लिहिले असतेत तर मी एवढी चिडले नसते.

तरीही तुमच्या लाडक्या तबकडीचा शेवट आठवून पाहा. 'व्हिपिंग पोस्ट'ची सुमारे २३ मिनिटे संपतात, टाळ्या पडत असतात, आणि त्यांच्याखालून पुढच्या वादनाची सुरुवात कानी येऊ लागते तोच आवाज विरत जाऊन तबकडी संपते. ते पुढचे म्हणजे 'माउंटन जॅम'. समोर बसलेल्यांना ते तिथल्या तिथे, सलग अर्ध्या तासाहून अधिक वेळ मिळाले. तबकडीवाल्यांना ते मिळायला १९७२ ची 'ईट अ पीच' यावी लागली, आणि तिच्यातही ते एका बाजूला मावेना म्हणून दोन बाजूंवर तोडावे लागले. मधल्या काळात, ऑक्टोबर १९७१ मध्ये, चोविसाव्या वर्षी बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन अपघातात गेला होता.

कानसेन

हे मात्र लागले. ती विरत जाणारी सुरुवात मी कैक वर्षे ऐकतो आहे, आणि प्रत्येक वेळी आता हात पुसून बाजू बदलायची एवढाच तिचा अर्थ लावत आलो.

पण फिलमोर ईस्टमध्ये साधारण २,६०० माणसे मावत. तेवढ्या जागेत कोणी वाजवणार असेल, मग ते कालची पोरे का असेनात, तर मी येईन, आणि बूच ध्वनिमिस्त्रींनी सांगितले तसे कान ओढूनच घालीन. ऐंशी हजारांच्या मैदानाबद्दलचे मत तेच आहे.

तिसरी रांग

या. फक्त वाद्ये थांबल्यावर शेजारून कोणी ओरडले तर मागे वळून डोळे वटारायचे नाहीत. बहुधा ती मीच असेन.