मदत हवी आहे: फवारलंच नाही, तरी द्राक्षांच्या सॅम्पलमध्ये क्लोरपायरीफॉस कुठून आलं?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. परवा निर्यातीच्या सॅम्पलचा रिपोर्ट आला, त्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ०.०३४ मिलिग्रॅम प्रति किलो निघालं. युरोपची मर्यादा ०.०१, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. नोव्हेंबर २०२० पासून तिकडे ती एवढी खाली आणलीय हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ऑक्टोबर छाटणीनंतर हे औषध शेडमध्येसुद्धा ठेवलेलं नाही. फवारणीची वही रोजच्या रोज लिहिलीय. तिच्यात छाटणीनंतर क्लोरो (क्लोरपायरीफॉस) कुठेच नाही.

दोन रात्री वही चाळतोय. संशय येतो तो असा.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) खोडं-ओलांडे (वेलीच्या आडव्या जाड फांद्या) क्लोरोने धुतले होते. पहिल्या बावीस ओळींत बायकांनी सैल साल काढली, मग धुतलं. पुढे मजूर मिळाले नाहीत, तिथे सालीवरूनच धुतलं. याला दहा महिने झाले. सालीच्या आत ते इतके दिवस टिकतं का? आणि टिकलं तर ओलांड्याला टेकलेल्या घडांना लागतं का?

पश्चिमेच्या बांधापलीकडे भाऊबंदांचा कांदा आहे. जानेवारीत त्यांनी क्लोरो-सायपरची (क्लोरो आणि सायपरमेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक) मिक्स बाटली मारली, वारा आमच्याकडे येत होता. त्यांच्यावर आळ घ्यायचा नाही, पण बांधाकडच्या ओळींचं वेगळं सॅम्पल काढलं तर उलगडा होईल का? शिवाय एकदा आमचा फवारणीचा ब्लोअर बंद पडला म्हणून भाड्याचा आणला होता. टाकी धुतली होती, पाइप आणि नोझल मात्र धुतल्याचं आठवत नाही.

खरा संशय मात्र एका बाटलीवर आहे. डिसेंबरअखेर घडांत मिलीबग दिसला. 'वनस्पतीजन्य, रेसिड्यू फ्री' म्हणून दुकानातून एक लिटर आणलं, १४०० रुपयांना. बाटलीवर घटकांची नावं नाहीत, नोंदणी क्रमांक नाही. संध्याकाळी फवारलं, सकाळी बघतो तर मिलीबग, मुंग्या, सगळं मरून पडलेलं. आम्ही खूश झालो. आता वाटतं, निंबोळी अर्काने एका रात्रीत असं होतं का? निंबोळीने किडीचं खाणं सुटतं, वाढ थांबते, त्याला दिवस लागतात. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

मातीचाही प्रश्न आहे. आमची जमीन काळी, भारी. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक मुळातून वर चढतं म्हणून तर आपण त्याचं ड्रेंचिंग करतो, म्हणजे बुंध्याशी ओततो. क्लोरो मात्र मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, मुळातून फारसं चढत नाही असं वाचलंय. मग वाळवीसाठी दोन वर्षांपूर्वी बुंध्यात ओतलेलं कारण असू शकतं का? माती तपासायची तर किती खोलीवरची घ्यावी? आबांच्या काळात याच रानात बीएचसी या जुन्या कीटकनाशकाची पावडर पोत्यांनी पडलीय, तीही एकदा तपासून घ्यावी म्हणतो.

काढणीला बारा-पंधरा दिवस आहेत. थांबलो तर आकडा ०.०१ च्या खाली येईल का? व्यापारी म्हणतो, लोकलला सहज खपेल. खपेल हो, पण २०१९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने या औषधाची सुरक्षित अशी पातळीच ठरवता येत नाही म्हटलं, तेही पोटातल्या बाळांच्या मेंदूच्या वाढीच्या काळजीपोटी. माझ्या दोन्ही मुली शाळेतून आल्या की वेलीवरूनच घड तोडून खातात. लोकलला खाणारी लेकरंही तशीच. परदेशात नाकारलेला माल इथे डोळे मिटून विकायला मन धजत नाही.

प्रतिसादांत विचारलंय म्हणून: सॅम्पल पूर्ण प्लॉटचं एकत्र होतं. आता तीन वेगळी काढतोय: साल काढलेल्या ओळी, न काढलेल्या, आणि बांधाकडच्या. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातही विचारणार आहे.

बाटलीत तळाशी पावशेरभर द्रव उरलाय. झाकण लावून, वर प्लॅस्टिक बांधून कपाटात कुलपात ठेवलाय. असा नमुना तपासून लेखी रिपोर्ट देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का? आणि तो रिपोर्ट दुकानदारापुढे टिकायचा असेल, तर बाटली मी स्वतः नेऊन दिलेली चालते, की कृषी खात्याच्या निरीक्षकाकडूनच नमुना घ्यायला हवा?