‘साधी कामं’ मावशींना द्या म्हणे! मग पेशंट कुणाचा?

वॉर्डइनचार्ज:
एका हॉस्पिटल व्यवस्थापकांची पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं, की बीपी, शुगर, नळीचं फीड आणि कुटलेल्या गोळ्या, कूस बदलणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) ही ‘साधी कामं’ आठवड्याचं ट्रेनिंग देऊन जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे वॉर्डातले मदतनीस) आणि मावशींकडे सोपवा, सिस्टर मोकळ्या होतील. वर शेरा, की नर्सेसचा अहंकार आड येतो.

कूस बदलणंच घ्या. जुन्या अर्धांगाच्या, शुद्धीवरच्या पेशंटची कूस दोन मावशी दर दोन तासांनी उत्तम बदलतात, माझ्यापेक्षा सफाईने. तेच मानेला मार लागलेल्या पेशंटला लॉग रोल करायचा, म्हणजे मान-पाठ सरळ ठेवून ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, तर चार माणसं लागतात, डोकं धरणारा मोजतो आणि सगळे एकदम वळवतात. खुब्याचा गोळा बदललेल्याच्या दोन पायांत उशी राहिली नाही आणि पाय आत वळला, तर सांधा निखळतो. काम एकच, पण कुणाला सांगायचं हे पेशंट पाहून ठरतं. ते पाहणं म्हणजेच असेसमेंट, आणि ते मावशींवर ढकलता येत नाही.

आता राइल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीचं ‘दूध’. डोकं 30 ते 45 अंश वर. नाकाशी लावलेली खूण जागेवर आहे का, तोंडात नळीचं वेटोळं झालंय का, मधे उलटी किंवा जोराचा खोकला झाला का, हे आधी. मग नळीतून पोटातला द्रव (ॲस्पिरेट) ओढून त्याची आम्लता पीएच पेपरवर पाहायची, 5.5 किंवा खाली हवी. हवा मारून पोटावर ‘गुडगुड’ ऐकणं हा पुरावा नव्हे, नळी फुफ्फुसात असली तरी आवाज येतो. मग 30 मिली पाणी, 200 ते 250 मिली फीड दट्ट्या न दाबता आपोआप उतरू द्यायचं, पुन्हा पाणी, आणि निदान अर्धा तास डोकं वरच. यातली एक पायरी चुकली की ॲस्पिरेशनचा धोका, म्हणजे फीड फुफ्फुसात. ह्याला साधं म्हणतात होय?

हिशेबी:
ताई, ती पोस्ट माझीच. यादी छान. आता गणित करा. अशी काळजी घेतली तर एका फीडला 20 मिनिटं. नळीवरचे चार पेशंट, दिवसाला सहा फीड, म्हणजे 24 फीड. झाले आठ तास, एका सिस्टरची अख्खी पाळी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचामागे एक. रात्री 30 बेडला दोन सिस्टर असतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग फीड कोण देतं? नातेवाईक. पेशंटला आडवं ठेवून, दट्ट्या दाबून. त्यापेक्षा शिकवलेला जीडीए वाईट?

वॉर्डइनचार्ज:
निकष माहीत असूनही दोनच सिस्टर ठेवायच्या आणि उरलेलं काम ‘साधं’ ठरवायचं. युक्ती चांगली आहे. आणि पोस्टमध्ये म्हटल्याप्रमाणे गोळ्याही कुटून तोच देणार ना? पॅन्टोप्राझोलचं (ॲसिडिटीच्या गोळीचं) वरचं आवरण कुटलं की औषध पोटातल्या आम्लात वाया जातं आणि भुग्याने नळी तुंबते ती वेगळीच.

स्टेथोवाला:
पीएचचं एवढं सांगताय म्हणून एक भर. पॅन्टोप्राझोल चालू असलेल्याचा पीएच तसाही 5.5 च्या वर जातो, नळी पोटात असूनही. तिथे पेपरवर निकाल लागत नाही, शंका असेल तर एक्स-रे.

पण फीड सोडा, बीपी-टीपीआर (ताप, नाडी, श्वास) जीडीएला दिल्याने नेमकं काय बिघडणार आहे? आत्ताचा चार्ट तरी खरा असतो का? वॉर्डातल्या प्रत्येकाचा श्वास मिनिटाला 18. न्यूमोनियावाला 18, हर्नियावाला 18, धापा टाकणारा फार तर 20. न्यूज स्कोअरमध्ये (श्वास, नाडी, बीपी वगैरेंना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते दाखवणारा तक्ता) श्वास 12 ते 20 ला शून्य गुण, 21 ते 24 ला दोन, 25 किंवा जास्त असेल तर तीन. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनला की) बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. नेमका तोच आकडा मनाने लिहायचा आणि इकडे नर्सिंग प्रोसेसवर व्याख्यान!

वॉर्डइनचार्ज:
वाटच पाहत होते. डॉक्टर, तुमच्या नोटमधलं ‘चेस्ट क्लिअर’ किती छातींना स्टेथो लावून लिहिलेलं असतं? श्वास पूर्ण 60 सेकंद मोजायचा, तोही पेशंटच्या नकळत. 30 बेड म्हणजे निव्वळ अर्धा तास फक्त श्वास, बीपीचा पट्टा अजून गुंडाळायचाच आहे.

स्टेथोवाला:
म्हणजे लिहिला जातो मनानेच. एवढंच कबूल करून घ्यायचं होतं.

लीड्सवासी:
दोघंही जरा थांबा. ब्रिटनमध्ये हेल्थकेअर असिस्टंट सर्रास निरीक्षणं घेतात, न्यूज2, म्हणजे त्याच स्कोअरची नवी आवृत्ती, तिथलीच. आभाळ कोसळलेलं नाही. पण कुठल्या पेशंटची घ्यायची ते नर्स ठरवते, स्कोअर वाढला की कुणाला कधी कळवायचं ते लिहिलेलं असतं, आणि सोपवण्याच्या निर्णयाला नोंदणीकृत नर्सच जबाबदार धरली जाते. नळी चुकीच्या जागी असताना फीड देणं तिथे ‘कधीच घडू नये’ अशा चुकांच्या यादीत आहे. ‘द्या आणि मोकळे व्हा’ हा प्रकार कुठेच नाही, हिशेबीसाहेब.

हिशेबी:
आलं लंडन! आधी तिथलं मनुष्यबळ आणा.

लीड्सवासी:
लीड्स.

जीडीए_बोलतोय:
आमच्याबद्दल एवढं चाललंय तर आमचंही ऐका. सिस्टर सांगतात, ‘बेड 12 कडे जरा लक्ष ठेव रे.’ म्हणजे काय करू? असं सांगा: ‘बेड 12, वजन 60 किलो, दर तासाला लघवी मोज, सलग दोन तास 30 मिलीच्या खाली आली तर लगेच मला सांग.’ मग चूक झाली तर माझी.

युरोबॅगवरच्या रेघांवर जाऊ नका, पिशवी फुगली-वाकली की 50-100 मिलीचा फरक सहज पडतो, मापात ओतूनच मोजायचं. आणि पाळी बदलायच्या आधी वॉर्डबॉय मामा पिशव्या रिकाम्या करतात, आकडा कुणाला सांगत नाहीत. पुढच्या सिस्टरला बॅग कोरडी दिसते, मग डॉक्टर लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) लिहितात. शिव्या आम्हाला.

स्टेथोवाला:
लॅसिक्सचा टोला लागला. आउटपुट शून्य दिसलं तर आधी नळी मुरगळलीय का आणि बॅग कुणी ओतली का हे विचारायला हवं, मान्य. श्वासाचा मुद्दा मात्र तिथेच आहे.

वॉर्डइनचार्ज:
जीडीए दादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के. ‘लक्ष ठेव’ म्हणणं म्हणजे काम सोपवणं नव्हे, हे आमच्याच लोकांना सांगायला हवं. तुम्ही शुगरही तपासा. बोटाच्या कडेला टोचायचं, स्पिरिट वाळू द्यायचं, डेक्स्ट्रोजची सलाईन चालू असलेल्या हाताचं रक्त घ्यायचं नाही, 70 च्या खाली दिसलं की तिथूनच हाक मारायची. पण इन्सुलिनला हात नाही. मिलीला 40 युनिटच्या व्हायलला 100 युनिटची सिरिंज वापरून 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात 8 युनिट. उलटं केलं तर 50. लाल टोपीची 40 ची आणि केशरी टोपीची 100 ची, दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात.

हिशेबी:
चला, निदान शुगर तरी सुटली. उद्या बीपीही सुटेल. अहंकार म्हणालो तो शब्द मागे घेतो, ‘संवेदनशीलता’ म्हणू हवं तर.

वॉर्डइनचार्ज:
शब्द नका घेऊ मागे, रात्रीची तिसरी सिस्टर द्या. बीपी स्थिर पेशंटचं देईन, ऑपरेशनहून आलेल्याचं पहिले काही तास अजिबात नाही. आणि ट्रे वेगळे करायला पैसे लागत नाहीत, तेवढं तरी करा.

स्टेथोवाला:
आणि श्वास?

वॉर्डइनचार्ज:
मोजू की, पूर्ण मिनिट. 26 भरला की रात्री तीनला फोन येईल, तेव्हा ‘सकाळी राउंडला बघतो’ म्हणू नका.

स्टेथोवाला:
26 ला येईन. 22 ला आधी सॅच्युरेशन आणि ताप सांगा.

लीड्सवासी:
22 लाही दोन गुण आहेत, डॉक्टर. वर तुम्हीच लिहिलंय.